चपलांच्या अलीकडं, चपलांच्या पलीकडं

भाकरी पोटात गेली की डोळा लागतोच. सुगंधाचाही लागतोय, बांधावरच्या लिंबाखाली, चपला पायात तशाच. चार वाजता पेरणीचा ट्रॅक्टर येणार, आणि निवृत्तीचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, एकच टुमणं : सगळ्या रानात हरभरा. गेल्या साली खालच्या अंगाच्या खारवट चोपणात तोच हरभरा जळून गेला होता. पण चोपण सुरू होतं कुठून? यंदा रान सपाट केलंय, वरवर सगळी माती सारखीच. ते ठाऊक होतं एकट्या सासूला, तान्हूबाईला, आणि ती जाऊन दीड वर्ष झालं.

आणि बघा, तीच पुढं चाललीय! बैलांच्या तिफणीमागं, ओटीत दोन जातीचं बी, बी सोडायच्या चाड्यावर मूठ. डोळे चक्क मिटलेले.

"आत्याबाई, पडाल की!"

"मेलेल्याला पडायची कसली भीती गं?"

सुगंधाला हसू येतं. तिफण आता स्वयंपाकघरातून चाललीय, चुलीला वळसा घालून, आणि बैलांना त्याचं काहीच नाही. मांडणीपाशी म्हातारीची मूठ ओटीत जाते. हरभरा थांबतो, करडई पडू लागते. बैल थांबत नाहीत, एक दाणा इकडचा तिकडं होत नाही. काय बाई होती! अख्ख्या गावात अशी मूठ दुसरी नाही.

"कसं कळतं हो तुम्हाला?"

"टाचंला इचार. काळी माती टाच धरून ठिवती, चोपण ढकलून देतं. तिथं करडईच नांदती. काटेरी हाय, पर रुसून माहेरी जात न्हाई."

"मग जिवंतपणी का नाही शिकवलंत मला?"

"तू इचारलंस कवा?" म्हातारी मागं वळून गोड हसते. "काढ त्या चपला."

सुगंधा चपला काढून ठेवते. टाच टेकते. अगं बाई, कळतंय की!

ट्रॅक्टरच्या धडधडीनं तिला जाग येते. ती लिंबाखालीच आहे. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत मातीनं माखलेले. चपला मात्र दूर, रानाच्या मधोमध, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या.

"अगं, चपला कशाला टाकल्यास तिथं?" निवृत्ती ट्रॅक्टरवरून ओरडतो.

"हात लावू नका त्यांना. चपलांच्या अलीकडं हरभरा पेरा, पलीकडं करडई."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईनं."

निवृत्ती तिच्या पायांकडं बघतो. मग खाली उतरतो आणि आईनं बियाण्यासाठी राख लावून ठेवलेली करडई आणायला घराकडं निघतो.