उंबऱ्याबाहेरची हजेरी

पन्नासच्या दशकात पिंपरीला नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात मी टायपिस्ट कारकून होतो. वर्तमानपत्रात जाण्याआधीची ही नोकरी. कामगारावर आरोप आला की ऑफिसात चौकशी होई आणि तिचे कामकाज मी इंग्रजीत टाइप करी.

बॉयलरवरचा एक कामगार पाळी चालू असताना जागा सोडून गेला, असा आरोप होता. माणूस जवळच्याच गावचा, चाळिशीतला. त्याचे म्हणणे एवढेच, की फिटरला बोलावून आणायला फोरमननेच पाठवले. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती.

चौकशीच्या दिवशी तो वेळेवर आला. चपला काढल्या आणि दाराबाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. आत चौकशी अधिकारी, फोरमन आणि मी. एक खुर्ची रिकामी होती. त्याला कोणी आत बोलावले नाही, कोणी अडवलेही नाही. व्हरांड्याला लागूनच कॉम्प्रेसरची शेड होती.

आपण त्याला कुठेही पाठवले नव्हते, असे फोरमनने सांगितले. काही विचारायचे आहे का, असे अधिकाऱ्याने दाराकडे पाहत विचारले. बाहेरच्या माणसाने हात जोडले. मी टाइप केले : कामगार पूर्ण वेळ हजर. साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची संधी दिली. प्रश्न नाहीत. त्याने खाली अंगठा उमटवला. फिटरला कोणी बोलावले नाही.

आठवड्याभरात तो बडतर्फ झाला. युनियनने प्रकरण लवादाकडे नेले. लवाद म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, सौम्य बोलणारे. सुनावणी पुण्यात झाली. कामगाराला आतले काही ऐकूच आले नव्हते, आता तरी फिटरची साक्ष घ्या, असे युनियनच्या सेक्रेटरीने मांडले. लवादांनी मला विचारले, तो हजर होता का? होता, असे मी सांगितले. आत यायला मनाई केली होती का? नाही. दोन्ही उत्तरे खरी होती. व्हरांड्यात ऐकू येते का, हे त्यांनी विचारले नाही आणि मी आपणहून सांगितले नाही.

मग त्यांनी कामगाराला खुर्ची दाखवली. तो उभाच राहिला.

"बाहेर का बसलात?"

"कापडं तेलानं भरल्याली, साहेब. आत साहेबलोक व्हते."

"कोणी अडवलं होतं?"

"न्हाई. खोटं कशाला बोलू?"

बाहेर आल्यावर सेक्रेटरी त्याला म्हणाला, "राव, जरा अडखळला असतात तरी चाललं असतं."

महिन्याभराने निवाडा आला. चौकशी रीतसर झाली होती. संधी मिळूनही कामगाराने ती घेतली नाही. सबब नव्या साक्षीची गरज नाही, बडतर्फी कायम.

निवाड्याची प्रत द्यायला मी त्याला ऑफिसात बोलावले. चपला काढून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत या, मी खुणावले.

"हितंच बरं हाय, भाऊसाहेब. काय लिवलंय?"

मी टेबलावरूनच सांगितले. त्याने कानामागे हात धरला आणि मान हलवली. कॉम्प्रेसर चालू होता. मी उठून दारापर्यंत गेलो आणि पुन्हा सांगितले.