भिंतीला टेकवलेली पेन्सिल

"थांबा, आयकू द्या," म्हणत आमच्या राइस मिलचे मिस्त्री पेन्सिलीचं एक टोक चालत्या मशीनला टेकवायचे, दुसरं कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ मालकसुद्धा गप्प. मग निकाल यायचा, "बेरिंग आठ दिवसाची पाहुणी हाय." आठवड्यात ती जायचीच.

तुमसरच्या त्या मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, बोटभर उरलेली पेन्सिल कानावरून न काढणारा. कुलूप अडलं की मिस्त्री तिचं शिसं तासून त्याची भुकटी किल्लीला चोळत. मी चिडवायचो, "मिस्त्री, चहाही तिनंच ढवळता." "उलट्या टोकानं जी," ते शांतपणे सांगत.

गोदामाच्या मागच्या भिंतीला भेग गेली तेव्हा मात्र त्यांचं थट्टेनं बोलणं बंद झालं. आत छतापर्यंत धानाची पोती, बाहेर सावली. त्या सावलीत झाडणाऱ्या-पाखडणाऱ्या बाया जेवायला बसत. मिस्त्रींनी भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. पुढच्या सोमवारी भेग रेघेच्या वर दोन बोटं होती. त्यांनी दुसरी रेघ मारली. मग तिसरी.

मालकांनी भिंतीला चुना मारून घेतला. भेग गेली, रेघाही गेल्या. महिन्याभरात चुन्यातून भेग पुन्हा दिसली.

तिथं कुणी बसू नये म्हणून मिस्त्रींनी दोरी बांधली. बायांनी तिच्यावर ओले दुपट्टे वाळत घातले. शेवटी ते स्वतःच अवजारांची पेटी घेऊन त्या सावलीत बसू लागले, ऐसपैस, दुसऱ्याला जागा उरू नये असे. बाया कुरकुरत कडुलिंबाखाली गेल्या.

"तुमच्या आंगावर नाही पडन का?" एकीनं विचारलं.

"पडाच्या आंधी मले सांगन ते," म्हणत त्यांनी पेन्सिल भिंतीला लावली.

धानकापणीला ते बपेऱ्याला, आपल्या गावी निघाले. जाताना पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली. "चार दिवस तुम्ही आयका जी."

"मला त्यातलं काय कळणार?"

"कळाले नाही लागत. बदललं का, एवढंच पाहाचं."

चार दिवसांनी ते आले नाहीत, निरोप आला. वावरातच छातीत कळ आली म्हणे, तिथंच गेले. मला रडू आलं, आणि खरं सांगतो, रागही आला. पेटी त्यांचा मुलगा घेऊन गेला. बाया सावलीत परतल्या.

मी रोज पेन्सिल टेकवायचो. काही नाही. माझ्याच कानातली घूं घूं.

आज दुपारी आत बारीक काहीतरी सरकत होतं, सुपातून तांदूळ घरंगळावेत तसं. थांबत नव्हतं. काल ते नव्हतं.

"उठा इथून," मी बायांना म्हटलं.

"काहून, बाबू? आत्ताच तं बसलो."

मिस्त्रींसारखं मला सांगता येईना. मी त्यांच्या समोरचे जेवणाचे दोन डबे उचलले आणि कडुलिंबाकडे पळत सुटलो. मागून त्या शिव्या देत येत होत्या. त्या शिव्या जवळ येताहेत ना, एवढंच मी ऐकत होतो.