आडवं पाजलेलं तीर्थ

माझ्या मांडीचं हाड मोडलं ते पायजमा बदलताना. पडलो नाही, धडपडलो नाही. पडायला आधी उभं राहावं लागतं, आणि जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे ती चैन मला चाळिशी उलटली तरी परवडलेली नाही. आईनं नेहमीसारखा पाय उचलला, कट्‌ असा आवाज झाला आणि मी ओरडलो. लातूरचे डॉक्टर म्हणाले, अंगाचा भार कधी न पेललेली हाडं अशीच ठिसूळ होतात, तुमची काही चूक नाही. आईनं मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही.

प्लास्टर घालून आम्हाला निलंग्याला घरी पाठवलं. ‘पाय हलता कामा नये’ एवढं वाक्य घरादारानं पाठ केलं. एरवी मी बसून जेवतो. पाठीशी लोड, हनुवटी खाली, पाणीसुद्धा आईच्या हातानं चमच्याचमच्यानं. माझा घास वाट चुकतो, पोटात जायचा तो छातीकडे वळतो. पण आता छातीची आठवण कुणाला? सगळा मान पायाला!

मग भेटायला माणसं येऊ लागली. आमच्या लिंगायत नात्यागोत्यात आजाऱ्याकडे कुणी रिकाम्या हातानं येत नाही. मावशी स्वामींच्या पायांचं तीर्थ बाटलीत घेऊन आली. आई चहा ठेवायला आत गेलेली, आणि मी प्लास्टरमुळे उताणा. मावशीनं कपाळाला विभूती लावली, बाटली उघडली. मी तोंड मिटलं.

“अरं, तीर्थाला न्हाई म्हणतात का? एवढुसं तर हाय, पी बाबा.”

मी मानेनं नको म्हणालो. पण माझी मान एरवीही हलतच असते, तिच्या नकाराला कोण विचारतो! तिनं तोंडात ओतलं. थुंकावं तर तीर्थ, आणि मीही त्याच घरचा. गिळलं, आणि ते भलतीकडे उतरलेलं मला तिथंच कळलं. ठसक्यावर ठसका लागला.

“कोन आठवन काढायलंय रे तुझी?” मावशी हसत म्हणाली.

यमच काढत असणार. आई धावत आली, बाटली बघून तिचा चेहरा उतरला. “बसवल्याबिगर पानी देत न्हाई गं मी त्याला!”

दुसऱ्या दिवशी ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली. पुन्हा जीप, पुन्हा लातूर. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. मला मरणाची भीती वाटली, उगाच शूरपणा कशाला सांगू? प्रत्येक श्वास ओढताना वाटे, पुढचा मिळेल ना? आई पायाचं विचारत राहिली. डॉक्टर म्हणाले, “पायाला थांबता येईल हो, छातीला नाही.”

वाचलो. आता उशाकडून पलंग उंच असतो, मावशीही आधी मला बसवायला लावते. रोज पाठ थोपटून घ्यायची आणि खोकला आला की मोकळेपणानं खोकायचं, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. पण मी जरा खोकलो की आई हातातलं टाकून पळत येते. परवा उंबऱ्याला अडखळली, भिंत धरली म्हणून वाचली. तिची हाडंही आता माझ्याच जातीची झाली आहेत. म्हणून ती स्वयंपाकघरात असली की मी खोकला दाबून धरतो. दाबायचा नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.