पायथ्याचं ऊन

आमच्या धानाच्या प्रयोगशेतीवर दोन गोष्टी साठत गेल्या, नोंदवह्या आणि किस्से. नोंदवह्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. किस्से मात्र शाबूत आहेत, कारण चार जुने लोक भेटले की कुणीतरी म्हणतोच, "अन् ते काचेच्या गोळ्याचं?"

तर तेच आधी सांगतो. भंडाऱ्याकडे मोहाडीच्या अलीकडे ही शेती होती, आणि ऐंशीनंतरची काही वर्षं मी तिथे नोंदी ठेवायचो. आवारात खांबावर एक भरीव काचेचा गोळा बसवलेला असायचा. त्यातून ऊन मागच्या कार्डावर पडायचं आणि कार्ड जळत जायचं. जितकी रेघ जळली तितके तास ऊन, इतका सरळ हिशोब. रथसप्तमीला रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बाया आल्या. सूर्याचं यंत्र आहे हे त्यांना मीच कौतुकानं सांगून ठेवलं होतं. त्यांनी गोळ्याला हळदकुंकू लावलं आणि वरून हिरवा खण पांघरला. मी जेवायला गेलो होतो.

लख्ख उन्हाच्या दिवशी कार्ड बारा ते दोन कोरं! वरच्या कचेरीतून पत्र आलं, एवढे ढग कुठून आले त्याचा खुलासा करा. मी खरं ते लिहून टाकलं. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. उत्तर एका ओळीचं आलं : "यापुढे पूजा सूर्यास्तानंतर करावी."

*

मग बापट साहेब आले. पुण्याचे, बारीक अंगाचे, बोलणं कमी. त्यांना आभाळातलं ऊन नको होतं. धान दाट झाला की त्याच्या बुडाशी, चिखलावर, किती ऊन पोचतं ते त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांनी केसाएवढ्या काचेच्या तारांची एक लांब जुडी आणली होती. एक टोक धानाच्या बुडाशी रोवायचं, दुसरं बांधावरच्या टिनाच्या खोलीत आणून काट्याच्या यंत्राला जोडायचं. खोलीला खिडकी नाही, दार लावलं की अंधार गुडुप्प. पहिल्या दिवशी यंत्र जोडायच्या आधी साहेबांनी आम्हाला ते टोक नुसतं दाखवलं. त्या अंधारात ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड होता. बाहेरचं ऊन, वळणं घेत घेत आत आलेलं.

सुखदेव आमचा मदतनीस. त्यानं ती जुडी टोकापासून दारापर्यंत बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "साहेब, ऊन वाकते?"

"या तारेत वाकतं."

दुसऱ्या दिवशी काट्याला काही केल्या जीव येईना. पाहतो तर तारेला मधोमध मस्त आवळलेली गाठ.

"मी पाहून राहिलो होतो," सुखदेव म्हणाला, "ऊन अटकते का म्हणून."

साहेबांनी मोडलेल्या तारा बोटावर घेतल्या. "अटकलं," म्हणाले, आणि पेटीतून दुसरी जुडी काढली. शेवटचीच होती ती.

*

सुखदेवचा साळा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होता. पाहुणा म्हणून आला तर त्यालाही आम्ही खोलीत नेलं. त्यानं तो उजेडाचा दाणा तळहातावर झेलला आणि हात हलवेचना.

"किती लांब हाय तार?"

"तेरा हात."

"आमाले लय लागन," तो म्हणाला. "पण खाली एक सोडली ना, तर डबा खायले सारे तिच्याच भवती बसतीन."

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. कशाला, ते मला कधी कळलं नाही.

*

आता सुखदेवची माय. तानाबाई नाव, सारे तानामाय म्हणत. चाळीस वर्षं रोवणी केलेली बाई, आणि दोन वर्षांपासून मोतीबिंदूनं दोन्ही डोळ्यांपुढे अंधार. आदल्या वर्षी भंडाऱ्याच्या नेत्रशिबिरात सुखदेवनं तिला नेलं. गर्दी म्हणजे विचारू नका. व्हरांड्यात, भर उन्हात बसवून डॉक्टरनं डोळ्यावर बॅटरी मारली, उजेड दिसतो का विचारलं. ती नाही म्हणाली. डोळ्यात उजेडच नसेल तर ऑपरेशन करून फायदा नाही, असं सांगून परत पाठवलं. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "डोळे मेले माहे. आता नाव नको काढू." यंदाचं शिबिर ऐन धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत येणार होतं. तेव्हा मोजणी सोडून हलता येत नसे, आणि सुखदेवच्या जिवाला तोच घोर लागलेला.

पण पाय तिचे जिवंत होते. एकदा तारेचं टोक कुठे रोवावं यावर माझा आणि साहेबांचा वाद चालला होता. तानामाय बांधीत, त्या धानाच्या तुकड्यात, उतरली, धानातून चार पावलं चालली. "इथं पाणी कोमट हाय. इथं ऊन येते. तिकडं थंडगार हाय, तिकडं नाई पोचत." साहेबांनी दोन्हीकडे मोजलं. तिकडे काटा निम्मासुद्धा चढला नाही. तेव्हापासून साहेब तिला अहोजाहो करायला लागले.

*

शिबिराला आठवडा राहिला होता. आभाळ भरलेलं, धान छातीला लागलेला. तानामाय दुपारपासून टिनाच्या खोलीत दार लावून बसून होती, तिला तिथला निवांतपणा बरा वाटे. आम्ही तिघं बाहेरच्या उजेडातून आत गेलो, दार लावलं. दाराच्या फटीतून काटा आणि हात ओळखू येण्यापुरताच उजेड होता; काटा जागचा हलला नाही. साहेबांनी नोंदवहीत शून्य लिहिलं आणि तार गुंडाळायला म्हणून यंत्रातून टोक काढलं. मला त्या टोकावर काही दिसत नव्हतं. सुखदेवलाही नाही.

"काय हालवून राहिले जी?" तानामाय म्हणाली.

साहेब थबकले. "कुठे?"

तिनं बोट दाखवलं. नेमकं टोकावर.

साहेबांनी आवाज न करता टोक डावीकडे नेलं. बोट डावीकडे गेलं. उजवीकडे नेलं, बोट उजवीकडे. खाली बसवलं, बोट खाली. सुखदेव मायजवळ येऊन बसला. "माय," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

"रडतं काहून बाबू? हिरवं हिरवं हाय, मुगाएवढं."

मग साहेबांनी दार किलकिलं करून वही उघडली, शून्य खोडलं आणि पेन तसंच धरून उभे राहिले. "आता काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

"लिवा ना," तानामाय म्हणाली. "पाच दिवसांत निसवते धान."

साहेबांनी तसंच लिहिलं. पाचव्या दिवशी धान निसवला. सहाव्या दिवशी सकाळच्या एसटीनं मायलेक भंडाऱ्याच्या शिबिराला गेले, आणि खिडकीची जागा तिनं मागून घेतली.