लेबल नसलेल्या गोळ्या

आई पुण्याहून माझ्याकडे सिंगापूरला, आंग मो किओ वस्तीत आली, तेव्हा गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नव्हतं. शेजारच्या चिनी आंटीने तिला तपकिरी गोळ्यांची पुडी दिली. "व्हेरी गुड हर्ब, लाह!" आठवड्याभरात आई मांडी घालून जेवायला बसली. "बघ गं, किती वर्षांनी!" म्हणत हसली.

आंटी दर महिन्याला पुडी आणायची. आईचा चेहरा गोल झाला, भूक वाढली. सिंगापूर मानवलं तिला, असं मी भावाला फोनवर सांगितलं.

सहाव्या महिन्यात मी एक गोळी खालच्या चिनी औषधांच्या दुकानात दाखवली. म्हाताऱ्या दुकानदाराने ती हातातसुद्धा घेतली नाही. अशी तयार औषधं विकायची तर सरकारी नोंदणी लागते, पाकिटावर घटक लिहावे लागतात, हिच्यावर काहीच नाही, डॉक्टरला दाखव, असं तो इंग्रजीत म्हणाला.

ऑफिसात शोधलं, तर अशाच गोळ्यांबद्दल सरकारी सूचना सापडली. झाडपाल्याच्या नावाखाली स्टेरॉइड; त्यानेच चेहरा गोल होतो, भूक वाढते. मी तिथेच वाचन थांबवलं. घरी येऊन सगळ्या पुड्या कचऱ्याच्या शूटमध्ये, थेट तळमजल्याला जाणाऱ्या नळीत टाकल्या.

"दोन तरी ठेव गं," आई म्हणाली.

"आई, विष आहे ते!"

दोन दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या, अंगात उभं राहायचं त्राण राहिलं नाही. मला वाटलं, पोट बिघडलंय. चौथ्या सकाळी तिने हाकेला ओ दिली नाही. इस्पितळात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "स्टेरॉइड एकदम बंद केलं का?" त्या रात्रीच ती गेली.

आईचे दिवस झाल्यावर मी ती सूचना पुन्हा उघडली. खाली लिहिलं होतं: गोळ्या अचानक बंद करू नका, जिवाला धोका असतो, आधी डॉक्टरांना भेटा. चारच ओळी खाली.

आंटी रडत दारात आली. तिची धाकटी बहीणही त्याच गोळ्या घेत होती आणि घाबरून त्या फेकायला निघाली होती. "थांबव तिला!" मी ओरडले. आम्ही तिघी उरलेल्या पुड्या घेऊन पॉलिक्लिनिकला, सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हळूहळू डोस उतरवला. आंटीने गोळ्या विकणाऱ्याचं नाव अधिकाऱ्यांना सांगितलं.

बहीण आता बरी आहे. लिफ्टमध्ये भेटली की हात जोडते. मला आनंद व्हायला हवा. मी मान खाली घालून मजल्यांचे आकडे मोजत राहते.