मायच्या ओसरीवरचा मुसाफीर

घर सोडलं त्याच दिवशी माझा रोजा मोडला. तो गावाच्या आत मोडला की बाहेर, हे मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

रमजानचा महिना होता. किसनाजीची गाडी कापूस भरून अमरावतीच्या बाजाराला निघाली होती आणि गठ्ठ्यांवर मी नवरदेवासारखा बसलो होतो. मायनं फडक्यात भाकर आणि गूळ बांधून दिला. "सांजेले सोडजो रोजा. घाई नोको करजो," एवढंच ती बोलली. गाडी हलली, माय मागं राहिली आणि मला रडू फुटलं. गाडीवानासमोर रडायचं नाही म्हणून तोंडात काहीतरी कोंबावं असं वाटलं. मुसाफिराला रोजा माफ असतो, एवढं मशिदीत कानावर पडलेलं होतं. मी फडकं सोडलं आणि घास घेतला.

किसनाजीनं वळून पाहिलं. "काबे पोट्ट्या, रोजा व्हता न तुहा?"

"मी आता मुसाफीर हाव, किसनाजी."

"मुसाफीर! गावची कुत्री अजून मांगं भुंकून राहिली, अन् हा मुसाफीर!"

पोरांनो, अकोल्याजवळ मोर्णा नदीकाठी राहिलेल्या माझ्या पुतण्यांनो, आणि माझ्यासारखंच बाहेर पडून कुठंकुठं पोट भरणाऱ्यांनो, तुमचा चाचा मोठा आलिम, धर्माचा जाणकार, झाला असं तुम्ही लोकांना सांगता म्हणे. तर त्याच्या इल्माची सुरुवात ही अशी झाली.

आपण पिंजारी. गाद्या, रजया भरणारे. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा पिंजाऱ्याचं चांगभलं झालं असेल, असं आज कुणालाही वाटेल. झालं उलटंच. दूर कुठंतरी साता समुद्रापलीकडे लढाई पेटली होती, म्हणून आपल्या वऱ्हाडातला बोंडन् बोंड मुंबईच्या वाटेला लागला. एवढा महाग कापूस घरात भरून त्यावर झोपणार कोण? लोकांनी जुन्या गाद्या उसवल्या आणि त्यांतलाही कापूस विकला. गावच्या चारही बाजूंना पांढरंशुभ्र रान, आणि आपल्या घरात पिंजायला मूठभर कापूस नाही. अब्बा आधीच गेले होते. तुमचे वडील, म्हणजे माझे भाईजान, बाजारात हमाली करू लागले. माझ्या अंगात हमालीचा जोर नव्हता. पोथीत डोकं घालण्याची खोड होती. अमरावतीत एका मशिदीच्या ओसरीवर पोरांना जेवण देऊन शिकवतात असं कळलं, आणि मायनं मन घट्ट केलं.

अमरावतीच्या परकोटाच्या आत शिरलो तेव्हा आपण केवढे अडाणी आहोत ते कळलं. घरात आपली वऱ्हाडी, नमाजेपुरती अरबी. मौलवीसाहेबांची उर्दू ऐकून मला ते रागावले आहेत की दुवा देताहेत, हेच समजेना. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या ऐटीत त्यांना भाकरीची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला.

"पहाटेचा रोजा घरी धरला होता ना? मग तो दिवस पुरा करायचा. आणि गावातलं शेवटचं घर मागं पडल्याशिवाय माणूस मुसाफीर होत नाही. घास घेतला तेव्हा शेवटचं घर मागं पडलं होतं का?"

मला आठवेना. रडत होतो, घरं कुठून मोजणार? "पडलं असेल तर एक रोजा भरून दे," ते म्हणाले, "नसेल तर दंड आहे. लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे." पुढच्या बाजाराला किसनाजी आला तेव्हा मी धावत जाऊन त्याचा हात धरला. घास घेतला तेव्हा आपण गावातल्या शेवटच्या, कुंभाराच्या घराच्या अलीकडे होतो की पलीकडे?

"म्या तुह्या तोंडाकडे पाहू का बैलाच्या शेपटीकडे?" तो म्हणाला.

हे उत्तर मी तसंच्या तसं मौलवीसाहेबांना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जा," ते म्हणाले, "जिथं शंका आहे तिथं दंड नाही. एकच रोजा भर."

मग खरा अभ्यास सुरू झाला. जकातीचं, म्हणजे कमाईतून गरिबांना द्यायच्या वाट्याचं, प्रकरण मी जकातीच्याच भाकरीवर शिकलो. आमचं जेवण कापसाच्या एका अडत्याच्या जकातीतून येई. मौलवीसाहेब शिकवत की देणाऱ्यानं उपकार दाखवू नये, कारण तो वाटा घेणाऱ्याचाच असतो, काही दिवस देणाऱ्याच्या घरी राहिलेला. मी मान डोलवायचो, आणि पाचवी भाकर उचलताना हा मसला, म्हणजे धर्माचा हा नियम, मला फार पटायचा. त्या दिवसांत ओसरीवर रोज कुणी ना कुणी काही विचारायला येई. कापसाच्या पैशामुळे, कालपर्यंत ज्यांना जकात घ्यावी लागे ते आज द्यायला आले होते, आणि देण्याची सवय नसल्यानं गोंधळले होते. एकानं हजला जायचं ठरवलं आणि जहाज, दर्या, डाकू सगळं विचारून घेतलं. मौलवीसाहेबांनी त्याला एकच विचारलं, "तुम्ही परत येईपर्यंत घरच्यांची चूल कशावर पेटेल?" वाटखर्च आहे, पण मागं राहिलेल्यांची सोय नाही, तर हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, होत नाही. ही ओळ मी आधी दहादा पाठ केली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा ऐकली. माझ्यामागं माय कशावर चूल पेटवत असेल, हा विचार मनात आला आणि पुढचा धडा मला कळलाच नाही.

सर्वांत जास्त मी अडखळलो तो मुसाफिराच्या प्रकरणात. तीन मजला, म्हणजे तीन दिवसांची वाट, किंवा त्याहून दूर गेलेला आणि पंधरा दिवस मुक्कामाचा इरादा नसलेला तो मुसाफीर. त्याला रोजा पुढं ढकलता येतो, आणि चार रकातींच्या, म्हणजे उभं राहून वाकण्याच्या चार फेऱ्यांच्या, नमाजेतल्या तो दोनच पढतो, म्हणजे अर्धी नमाज. पण माणूस आपल्या वतनात आला की पाऊल टाकताक्षणी पुऱ्या चार. आणि वतन कुठलं? जन्माचं गाव हे वतन खरं, पण माणसानं बायकामुलांसह दुसरीकडे कायमचं ठाण मांडलं तर तेच नवं वतन होतं आणि जुनं सुटतं. बाई लग्न होऊन नवऱ्याकडे नांदायला गेली की तिचं वतनही तेच. जुन्या गावी घराचा हिस्सा उरला असेल तर काही आलिम म्हणतात तेही वतनच, काही म्हणतात नाही. मौलवीसाहेब म्हणायचे, दोन्हीकडचं वाचून झालं की शेवट माणसाच्या इराद्यावर येतो. मी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. ते आपल्याबद्दल आहे, हे ध्यानात आलं नाही.

अभ्यास संपला तसा त्याच ओसरीवर पोरांना शिकवायला लागलो. पातूरच्या बाजूची मुलगी मायनं पाहिली, लग्न झालं आणि तुमची चाची अमरावतीला आली. लेक झाली. तिकडची लढाई थांबली, कापसाचा भाव उतरला, आणि लोक पुन्हा गाद्या भरू लागले. भाईजाननं पिंजण खुंटीवरून काढली. मायचा निरोप आला: "आता काम हाय. तुही खोली लिपून ठेवली."

मी उत्तर पाठवलं नाही. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली तेव्हा बायको-लेकीला घेऊन आठवडाभरासाठी स्वतःच निघालो. बैलगाडीनं तीन दिवस खाल्लेली वाट दुपारच्या आत संपली. मायनं लेकीला पोटाशी धरलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला, सारवलेली खोली दाखवली. असरची, तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची, वेळ झाली. मी ओसरीवर चटई टाकली, दोन रकाती पढलो आणि सलाम फेरून नमाज संपवली.

माय खांबाला टेकून पाहत होती. "दोनच? रेलगाडीनं अर्धी नमाज खाल्ली का रे?"

मी हसलो आणि शिकवायला लागलो. सवयच ती. तीन मजला, गाडी कितीही जोरात धावली तरी अंतर तेवढंच, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्या अंतर नाही इचारलं. मुसाफीर म्हंजे कोन, ते सांग."

"जो आपल्या घरी नाही तो."

"मंग तू आता कोनाच्या घरी हाय?"

इतकी वर्षं मसले सांगितले, पण असा सवाल कुणी केला नव्हता. मी म्हटलं, परत येऊन राहायचा इरादा असला तर हेच वतन, मग पुऱ्या चार. तिचा चेहरा उजळला. "त मंग कर न इरादा! त्याले का वेळ लागते?"

इरादा काही कुडता नाही, मायला बरं वाटावं म्हणून चढवायला. खोटी नियत करून अल्लासमोर उभं राहायचं नाही, एवढं तरी मी शिकलो होतो. आणि माझं मन अमरावतीच्या त्या ओसरीवर होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मायलाही कळलं असावं. ती चुलीकडे गेली.

मग मी पळवाट काढली. मुसाफीर गावच्या इमामामागं उभा राहिला तर त्यालाही चारच पढाव्या लागतात. मी दरवेळी मशिदीत जाऊ लागलो. गावात बोलबाला झाला की अमरावतीला जाऊन पोरगा किती दीनदार, धर्माचा पक्का, झाला. मी मान खाली घालून वाहवा घेत होतो आणि घरची चटई टाळत होतो.

निघायच्या दिवशी असरला मी मशिदीकडे वळलो, तर मायनं हाक मारली. ओसरीवर तिनं स्वतः चटई अंथरली होती.

"आज इथीच पढ. आमी दोघी मांगं उभ्या राहतो."

"माय, मले..."

"दोन त दोन. माह्यासाठी चोरून चार नोको पढू."

मी पुढं उभा राहिलो, माय आणि तुमची चाची मागं. मुसाफीर इमाम झाला तर त्यानं दोन रकातींवर सलाम फेरून मागच्यांना एक वाक्य सांगायचं असतं. पोरांना मी ते कितीदा पाठ करून घेतलं होतं. सलाम फेरला. मागं माय वाट पाहत बसली होती. मी म्हणालो, "तुम्ही आपली नमाज पुरी करा. मी मुसाफीर आहे."

माझ्या मागं कपड्यांची सळसळ झाली. माय गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उरलेल्या दोन रकाती तिनं एकटीनं पुऱ्या केल्या. मी आणि तुमची चाची, दोघं मुसाफीर, बसून राहिलो. तिनं दुवा मागितली, तिला बराच वेळ लागला. मग चटईची गुंडाळी करत ती म्हणाली, "ते खोलीत भाईजानची पोरं झोपतील आता. लिपलेली हाय, वाया नोको जावाले." त्या खोलीत तुम्हीच वाढलात, पोरांनो. ती तुम्हाला कशी मिळाली ते आज सांगितलं.

माय गेल्यावरही मी गावी येतो. अमरावतीत चार पढतो तेव्हा आपण घरी आहोत हे मनातही येत नाही. तुमच्या ओसरीवर दोनांवर थांबतो तेव्हा, हे घर होतं, हे दर खेपेला नव्यानं कळतं. पुस्तकात वतनाची व्याख्या आहे. ही गोष्ट तिच्यात बसत नाही, आणि मी बसवायचं सोडून दिलं आहे.

त्या नमाजेनंतर अकोल्याच्या ठेसनाकडे जाताना मी बैलगाडीत तोंड फिरवून बसलो होतो. तुमची चाची लेकीला थोपटत होती. ती म्हणाली, "तुमी एका नमाजेले एवढं रडून राहिले. मी लग्न झाल्यापासून माह्या मायच्या घरी दोनच पढतो. मले त कोनी इचारलंबी नाही."