बाहेर पडण्याचे कलम

पद्मनाभने उमेदीची वर्षे एका विधानासाठी खर्ची घातली होती: युरोपीय संघाचे करार हे नुसते करार नव्हेत, तेच त्याचे संविधान आहे. राष्ट्रांनी सौदा समजून सह्या केल्या. संघाच्या न्यायालयाने त्याच मजकुरातून नागरिकांचे हक्क काढले आणि सौदा होता तो संघाचा पाया बनला. पुण्यात हे ऐकून घ्यायला कोणी नव्हते. सिंगापूरच्या एका विद्यापीठाने संशोधकपद दिले, तेव्हा शुभदा नोकरी सोडून, तान्ह्या लेकीला, ऋग्वेदाला, घेऊन त्याच्यामागे तिथल्या क्वीन्सटाउन भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आली. तिघांचेही इथले राहणे त्याच्या पदाला बांधलेले होते.

युरोपीय संघाच्या त्या करारात बाहेर पडण्याचेही कलम होते. ‘ते केवळ दाखवण्यापुरते, त्याचा वापर कोणी करणार नाही,’ असे त्याने हस्तलिखितात ठामपणे लिहिले होते.

२०१६च्या जूनमध्ये ब्रिटनने बाहेर पडण्याचा कौल दिला. “तिथल्या जास्त लोकांनी तसं मत दिलं,” त्याने ऋग्वेदाला समजावले. पुढच्याच आठवड्यात त्याच्या मुदतवाढीची बैठक होती.

विभागप्रमुख प्राध्यापक सिमबाईंनी हस्तलिखित बाजूला सारले. “इतकी वर्षं राहता आहात इथे. हा देश कसा झाला, पद्मनाभ?”

उत्तर त्याला ठाऊक होते: मलेशियाच्या संघातून बाहेर पडून. तोही एका करारानेच. दर ऑगस्टला राष्ट्रदिनासाठी इमारतींच्या कठड्यांवर टांगलेले झेंडे पाहत तो बसथांब्यापर्यंत चालत जाई. त्यांचा आपल्या विषयाशी संबंध असेल, असे कधी मनातही आले नव्हते.

“ते प्रकरण बदला,” त्या म्हणाल्या. “करार म्हणजे शेवटी सौदाच, असं लिहा. वर्षभर मी सांभाळून घेईन.”

“भाकीत चुकलं, तेवढं लिहितो. पण ब्रिटन बाहेर पडणार तेही करारातल्याच वाटेने. पाया चुकलेला नाही.”

“पायाशी समितीला काय करायचंय?”

घरी विचारून सांगतो, असे म्हणायला हवे होते, हे त्याला लिफ्टमध्ये सुचले. मुदतवाढ मिळाली नाही.

शुभदा भांडली नाही. पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत एवढेच म्हणाली, “ब्रिटनला निघायला दोन वर्षं देतात म्हणे. आपल्याला महिना. तुझ्या त्या पायात आम्ही दोघी कुठे होतो रे?”

ऋग्वेदा शाळेच्या गणवेशातच दारात उभी होती. “बाबा, सो वी ऑल्सो लीव्हिंग, अह?”

“हो.”

“बट वी नेव्हर व्होट.”

पद्मनाभने शुभदाकडे पाहिले. तिने पुढचे पातेले उचलले.